इंजिन गेलं, तर स्पोर्ट्स कार घडवणाऱ्या इंजिनिअरकडे उरतं काय?

कॅमशाफ्ट (धागाकर्ता)
पंधरा वर्षं पेट्रोल इंजिनांवर काम केलं, त्यातली बरीचशी कॅमच्या, म्हणजे फिरता फिरता इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाच्या, प्रोफाइलवर. कॅमच्या उंचवट्याचा आकार केसभर बदलला की व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा वेळ बदलतो आणि गाडीचा स्वभावही. गेली चार वर्षं इलेक्ट्रिक परफॉर्मन्स गाड्यांवर आहे. "आता तुझ्या विद्येचं काय?" असं जो तो विचारतो, म्हणून हा धागा.

माझं मत स्पष्ट आहे: विद्या वाया गेली नाही, तिला दुसरं काम लागलं. पूर्वी एकेका अश्वशक्तीसाठी झगडायचो. आता रिमॅक नेवेरा या इलेक्ट्रिक सुपरकारच्या चार मोटर मिळून १,९१४ अश्वशक्ती देतात. झगडा आहे तो उष्णतेशी. शून्य ते शंभर एकदा मारून दाखवणं सोपं. सलग पाच लॅप त्याच वेगात काढायच्या तर बॅटरी, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारा भाग), मोटर सगळंच तापतं आणि सॉफ्टवेअर ताकद छाटायला लागतं. पोर्शेने २०१९ च्या टायकान या इलेक्ट्रिक गाडीला ८०० व्होल्टची यंत्रणा दिली, तिचा फायदा फक्त जलद चार्जिंगपुरता नाही. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच ताकदीला करंट निम्मा लागतो आणि त्याच केबलमधली उष्णता चौथाईवर येते.

पण खरी परीक्षा ब्रेकची. पेडल दाबलं की आधी मोटरने गाडी रोखायची आणि वीज बॅटरीत परत घालायची. बॅटरी काठोकाठ भरलेली किंवा गारठलेली असली की ती वीज घेत नाही. मग त्याच क्षणी डिस्क ब्रेकने भार उचलायचा, आणि पायाला पत्ता लागता कामा नये. आमच्या एका प्रोटोटाइपमध्ये ही अदलाबदल होताना पेडल नखभर खाली जायचं. नखभरच, पण २०० च्या वेगात वळणाच्या तोंडावर तेवढ्याने चालकाचा गाडीवरचा विश्वास उडतो. ते घालवायला सात महिने गेले, आणि वाट दाखवली ती जुन्या ब्रेकवाल्यांनीच.

सहावा गिअर
ब्रेकचा मुद्दा मान्य, बाकी नाही. १९९६ ची लोटस एलिस ७२५ किलोच्या आसपास होती. ह्युंदाईची इलेक्ट्रिक आयोनिक ५ एन साधारण २,२०० किलोंची आहे. ताशी २०० किमीला तिच्यात सुमारे ०.९४ युनिट ऊर्जा असते, १,४०० किलोच्या गाडीत ०.६. ही जास्तीची ऊर्जा प्रत्येक वळणाआधी कुठेतरी जिरवावी लागते आणि वळणात टायरना ते वजन सोसावं लागतं. सॉफ्टवेअर वजन लपवतं, घटवत नाही.

आणि त्याच आयोनिकमध्ये सॉफ्टवेअरने भासवलेले, प्रत्यक्षात नसलेले आठ गिअर, स्पीकरमधून इंजिनचा आवाज! हुशार इंजिनिअरांनी आपली वर्षं नकलेत घालवावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ट्रॅकवरचा
त्या गिअरबद्दल असहमत. मी ट्रॅकवर ते बंद करूनही चालवलंय आणि चालू करूनही. बंद असताना वळणाआधी वेगाचा अंदाजच येईना, नजर सारखी स्पीडोमीटरकडे. चालू केल्यावर कान वेग सांगायला लागला आणि डोळे रस्त्यावर राहिले. आवाज बनावट असेल, त्यातून मिळणारी माहिती खरी आहे. फेरारीने ऑक्टोबर २०२५ मध्ये दाखवलेली पद्धत मला जास्त पटते: मागच्या अॅक्सलवरचा सेन्सर मोटरची खरी कंपनं पकडतो आणि ती इलेक्ट्रिक गिटारसारखी मोठी केली जातात. मुळात आहे तेच ऐकू येतं.

सहावा गिअर
गिटारची पद्धत प्रामाणिक आहे, ते कबूल. पण मग बुगाटीचं काय? नेवेरा ज्याने घडवली त्या माटे रिमॅकच्याच हाताखाली २०२४ ची टूरबियाँ आली, आणि तिच्यात ८.३ लिटरचं, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेलं, सोळा सिलिंडरचं व्ही-१६ इंजिन आहे. इलेक्ट्रिकची सगळी विद्या हाताशी असणाऱ्यांनीच इंजिन निवडलं.

कॅमशाफ्ट
त्याच टूरबियाँत तीन मोटरही आहेत. खालच्या आरपीएमला त्या ओढतात, म्हणून इंजिन टर्बोशिवाय मोकळा श्वास घेऊ शकतं. हे जुन्या आणि नव्या विद्येने मिळून केलेलं काम आहे, तुम्ही त्यातलं अर्धंच मोजताय.

वजनाबद्दल: फोक्सवॅगनची आयडी.आर ही इलेक्ट्रिक रेस कार ११०० किलोच्या आत होती. २०१८ मध्ये रेसर रोमँ द्यूमाने ती अमेरिकेतल्या पाइक्स पीक या डोंगरावरच्या चढाच्या शर्यतीत ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदांत नेली. आठ मिनिटांच्या आत तिथे आधी कोणीच पोचलं नव्हतं. चढावर हवा विरळ होत जाते तसा इंजिनाचा दम कमी होतो, मोटरचा होत नाही.

सहावा गिअर
जेमतेम २० किमीचा चढ, तेवढ्यापुरतीच बॅटरी. रस्त्यावर चालणारी, १,४०० किलोची, दहा लॅप न थकता काढणारी इलेक्ट्रिक गाडी दाखवा, मी मत बदलेन.

कॅमशाफ्ट
तशी अजून नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, एक किलो बॅटरी पॅकमध्ये पाव युनिटही जेमतेम. मोटर कितीही कार्यक्षम असली तरी ही दरी तिच्याने भरत नाही. म्हणून गेल्या महिन्यापासून मी ब्रेक सोडून सेल थंड ठेवणाऱ्या टीममध्ये गेलोय. सध्या सेलच्या कोणत्या बाजूने कूलंट फिरवायचं यावरच रोज वाद चाललाय.