फ्रीज घेताना लेबलावरचे आकडे आणि घरातली अडचण यांचा मेळ कसा घालावा?

धागाकर्ती, चिपळूण: आमचा सोळा वर्षांचा फ्रीज बदलायचा आहे. साधारण सारख्याच आकाराचे दोन फ्रीज पाहिले. तीन तारेवाल्याच्या (म्हणजे वीजबचतीचे तीन ‘स्टार’ असलेल्याच्या) लेबलावर वर्षाला 200 युनिट आणि पाच तारेवाल्याच्या लेबलावर 140 युनिट वीजवापर छापलेला आहे. किमतीत 5,500 रुपयांचा फरक आहे. आईला मात्र खालच्या कप्प्यातली भाजी काढायला वाकणे जमत नाही. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

हिशेबी: वर्षाला 60 युनिट वाचतील, पण त्यांना बिलाच्या सरासरी दराने गुणू नये. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत जातात आणि वाचलेले युनिट आपल्या सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होतात. तिथे बिलातले युनिटमागचे सगळे आकार (शुल्क) धरून युनिट 12 रुपयांना पडत असेल, तर वर्षाला 720 रुपये वाचून जास्तीचे पैसे फिटायला साडेसात वर्षांहून अधिक काळ लागेल. 16 रुपयांना पडत असेल, तर सहा वर्षांच्या आत फिटतील. शिवाय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक करते, म्हणून तारे मोजण्यापेक्षा छापलेले युनिट आणि लेबलाची मुदत पाहावी.

सावंतवाडीकर: खरेदीच्या संकेतस्थळांवरचे तारे हा निराळाच प्रकार आहे. तिथली सरासरी मी पाहतच नाही. एक तारा देणाऱ्यांची कारणे वाचतो. खोके चेपलेले आले म्हणून रागावलेला ग्राहक आणि कॉम्प्रेसर वर्षभरात गेला म्हणून वैतागलेला ग्राहक सरासरीत एकाच मापाने मोजले जातात. आपल्या गावातला दुरुस्तीवाला कोणत्या कंपनीचे सुटे भाग सहज मिळतात म्हणतो, तेही विचारावे. आईंना मात्र दुकानात नेऊन त्यांच्याच हाताने भाजीचा कप्पा उघडायला लावावा.

धागाकर्ती: आईला घेऊन गेले होते. पाच तारेवाल्याचा भाजीचा कप्पा पार तळाशी असल्याने ती अर्ध्यावरच थांबली. तीन तारेवाल्यात फ्रीजर खाली आणि भाजीचा कप्पा कमरेच्या उंचीवर आहे. तो तिने उघडला, बंद केला आणि काही न बोलता पुन्हा उघडला. आमचे वरच्या टप्प्यातले युनिट 12 रुपयांच्या आसपासच पडते, त्यामुळे तीन तारेवाला नोंदवला आहे.