‘बंदिस्त प्रणाली’ की ‘विलग प्रणाली’?

प्रश्न : ‘बंदिस्त प्रणालीतील ऊर्जा स्थिर राहते’ हे वाक्य उष्मागतिकीचा (उष्णता, कार्य आणि ऊर्जा यांच्या शास्त्राचा) पहिला नियम म्हणून सर्रास छापलेलं दिसतं. लगेच खाली सूत्र असतं : अंतर्गत ऊर्जेतील (म्हणजे प्रणालीच्या कणांत असलेल्या ऊर्जेतील) बदल = प्रणालीला मिळालेली उष्णता − प्रणालीने केलेलं कार्य. ऊर्जा स्थिरच असेल, तर बदल कसला मोजायचा?

उत्तर १ : सूत्र बरोबर आहे, वाक्य चुकीचं. उष्मागतिकीत ‘बंदिस्त’ म्हणजे जिच्यात पदार्थाची ये-जा होत नाही अशी प्रणाली. उष्णता आणि कार्य यांना तिची सीमा मोकळी असते. ऊर्जेलाही मज्जाव असेल तर ती ‘विलग’, आणि ऊर्जा स्थिर राहते ती तिथे. यामिकीत, म्हणजे बल आणि गतीच्या शास्त्रात, बाह्य बल नसलेल्या प्रणालीलाही काही जण ‘बंदिस्त’ म्हणतात. तिथलं वाक्य इथे आणलं की घोटाळा होतो.

आकड्यांत पाहा. नळकांड्यात 1 किलो पाणी, 100 अंश सेल्सिअस. वर सरकता दट्ट्या, दाब 101.3 किलोपास्कल. सगळ्या पाण्याची वाफ करायला 2257 किलोज्यूल उष्णता लागते. आकारमान सुमारे 0.001 घनमीटरवरून 1.673 घनमीटर होतं, म्हणजे दट्ट्या ढकलण्यात 101.3 × 1.672, साधारण 169 किलोज्यूल खर्ची पडतात. उरलेले 2088 अंतर्गत ऊर्जेत जमा. थेंबभर पाणी बाहेर गेलं नाही, तापमानही हललं नाही, तरी ऊर्जा वाढली.

उत्तर २ : चिन्हाचंही बघा. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत बहुधा ‘उष्णता + कार्य’ असतं, कारण तिथे कार्य म्हणजे प्रणालीवर केलेलं कार्य. वरच्या उदाहरणात ते −169 धरायचं. सूत्र एका पुस्तकातलं आणि चिन्ह दुसऱ्यातलं घेतलं, तर उत्तर 2426 येतं, 338 किलोज्यूल जास्त.

आणि कृपा करून या नियमाला ‘ऊर्जा संवर्धनाचा नियम’ म्हणू नका. संवर्धन म्हणजे जोपासणं, वाढवणं. वीज वाचवण्याच्या मोहिमेला तो शब्द चालतो. नियमासाठी ‘ऊर्जा अक्षय्यतेचा नियम’ हा रूढ आणि चांगला शब्द आहे.

प्रश्न : मग वाफेत 2257 किलोज्यूल ‘अप्रकट उष्मा’ (तापमान न वाढता अवस्था बदलताना लागणारी उष्णता) साठलेला असतो, असं म्हणावं का?

उत्तर १ : ‘साठलेला’ नको. उष्णता म्हणजे तापमानातील फरकामुळे सीमा ओलांडणारी ऊर्जा. आत गेल्यावर ती अंतर्गत ऊर्जा होते. ‘अप्रकट उष्मा’ ही संज्ञा स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅकच्या काळातली, अठराव्या शतकातली. तेव्हा उष्णतेला द्रव्य मानणारे पुष्कळ होते, म्हणून ती लपून बसते असं म्हणणं स्वाभाविक होतं. संज्ञा रुळली आहे, ती राहू द्या. पण 2257 म्हणजे 2088 अधिक 169, हे विसरू नका. हा आकडा एन्थाल्पीतील (अंतर्गत ऊर्जा + दाब × आकारमान) वाढीचा आहे आणि तो स्थिर दाबालाच लागू. दट्ट्या जागीच अडकवला, तर कार्य शून्य होतं, दिलेली सगळी उष्णता अंतर्गत ऊर्जेत जाते, आणि दाब चढत जाऊन पाणी 100 अंशांवर थांबतही नाही. दृढ भांड्याच्या गणितात 2257 थेट घालून चालत नाही ते यामुळे.