करिअर शिक्षणात मुलांची उद्दिष्टे कशी लिहून घ्यावीत आणि त्यांचा मागोवा कसा ठेवावा?

वाळपईची शिक्षिका:
सप्रेम नमस्कार. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका विद्यालयात मी नववीच्या ३४ मुलांना व्यवसाय शिक्षण शिकवते. वर्षारंभी प्रत्येकाकडून उद्दिष्ट लिहून घेते. परंतु चतुर्थीच्या सुट्टीनंतर त्या वह्या कपाटातच राहतात. परवा त्या उघडल्या, तर निम्म्याहून अधिक मुलांनी 'चांगली नोकरी मिळवणे' एवढेच लिहिले होते. एका मुलीने 'शेफ होणार' असे लिहिले होते. त्यासाठी या महिन्यात काय शिकशील, असे विचारल्यावर ती गप्प राहिली, कारण तो प्रश्न मी तिला आजवर विचारलाच नव्हता. याची घडी कशी बसवावी?

फोंड्याचा निदेशक:
टीचर, मी आयटीआयमध्ये वीजतंत्री हा व्यवसाय शिकवतो. 'वायरिंग शिकणे' असे उद्दिष्ट मी स्वीकारत नाही. जिन्यातील दिव्याची जोडणी दोन टू-वे स्विच वापरून, आकृती न पाहता करणे आणि मग मेगर (तारांवरील विद्युतरोधक आवरण तपासण्याचे उपकरण) लावून इन्सुलेशनचा रोध १ मेगओहमपेक्षा कमी नाही हे स्वतः दाखवणे, असे लिहिले की काम झाले की नाही यावर वाद उरत नाही. २०१३ साली अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याला धरून आखलेल्या अभ्यासक्रमांत प्रत्येक कामाचे निकष दिलेले असतात. ते वर्गात वाचून दाखवावेत आणि मुलांनी ते आपल्या शब्दांत, हवे तर कोकणीत, उतरवावेत.

पेडण्याचा निवृत्त समुपदेशक:
सरांचे म्हणणे हातच्या कौशल्यापुरते मला पूर्ण मान्य आहे. मात्र नववीच्या मुलाला आपल्याला काय रुचते हेच अजून उमगलेले नसते, तेव्हा शोध घेणे हेही उद्दिष्टच मानावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. तोच धागा पुढे न्यावा. 'डिचोलीच्या कुंभाराकडे एक दिवस बसून माती मळण्यापासून भट्टीपर्यंतची कामे लिहून काढीन' हे उद्दिष्टही तितकेच मोजता येते. मागोवा घेताना दर खेपेस मुलाने आधी बोलावे, वहीतला पुरावा दाखवावा आणि शिक्षकाने त्यानंतरच शेरा लिहावा. उद्दिष्ट बदलले तर जुनी ओळ खोडू नये; तिच्याखाली तारीख आणि कारण लिहावे. ती कारणेच पुढे दहावीनंतरची शाखा निवडताना पालकांसमोर ठेवता येतात, आणि माझ्या अनुभवात गुणपत्रिकेहून त्यांचाच अधिक उपयोग झाला आहे.

वाळपईची शिक्षिका:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आठवड्याला दोन तास मिळतात; प्रत्येक तासाला तीन मुलांशी पाच-पाच मिनिटे बोलले, तर सहा आठवड्यांत एक फेरी पूर्ण होईल. त्या मुलीने काल नवी ओळ लिहिली: 'महिनाअखेरीस एक किलो कांदा अर्ध्या तासात एकसारखा बारीक चिरीन.' सुरी कशी धरावी, हे मात्र मलाच आधी कुणाकडून तरी नीट शिकून घ्यावे लागेल. फोंडा-वाळपई भागात हे शिकवणारे कुणी परिचित असल्यास कृपया कळवावे.