मदत हवी आहे : मूकपटाच्या काळातला आमच्या घरचा कॅमेरामन

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. माझ्या आजोबांचे चुलते निजामाच्या राज्यातून कोल्हापूरला गेले आणि तिथं मूकपटांत कॅमेऱ्यावर होते, असं घरातली म्हातारी माणसं सांगतात. हाताशी एकच फोटो आहे. तिपाईवर लाकडी पेटीसारखा कॅमेरा, डोक्याला फेटा, उजवा हात दांड्यावर. पेटीला पितळी पट्टी दिसते, अक्षरं मात्र पुसट झालीत.

आतली फिल्म पुढं सरकवणारा तो दांडा हातानं एका लयीत फिरवणं, हेच खरं कसब. साधारण सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ चौकटी, म्हणजे आठ चित्रं. हात मंदावला की सेकंदाला चौकटी कमी टिपल्या जायच्या आणि नेहमीच्या वेगानं दाखवताना पडद्यावरची माणसं पळत सुटायची. त्यात तेव्हाच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, कुंकू काळं उमटायचं. एवढं सांभाळणाऱ्यांची नावं कोण घेतं? १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मुळे फाळके घराघरांत पोचले. त्याचे कॅमेरामन त्र्यंबक तेलंग किती जणांना आठवतात? मला याचं फार वाईट वाटतं.

मूकपटांचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला होता. फोटोतला तसा देशी आहे की विलायती, कुणी जाणकार ओळखेल का? त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतल्या कामगारांच्या नोंदी कुठं पाहायला मिळतील? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात कुणी असा शोध घेतला असेल तर अर्ज कुणाच्या नावे करायचा, तेही सांगा. आजोबांचे धाकटे भाऊ नव्वदीत आहेत, त्यांच्या हयातीत काही हाती लागावं. फोटो सोबत जोडलाय.