चित्रकाराच्या परिचयात देशांची यादी कशाला हवी?

फ्रेमवाला, नौपाडा

मी चित्रकार नाही. नौपाड्यात फ्रेमिंगचं दुकान आहे, त्यामुळे प्रदर्शनाआधी चित्रंही माझ्या टेबलावर येतात आणि ब्रोशरही. हल्ली परिचय वाचायला घेतला की पासपोर्ट चाळल्यासारखं वाटतं. इटली, ग्रीस, व्हिएतनाम, तुर्कस्तान. इथे वर्कशॉप, तिथे डेमो, आणखी कुठे रेसिडेन्सी, म्हणजे तिथे राहून काम करणं. आणि चित्रं कसली, तर व्हेनिसचा कालवा, त्यात होडी, होडीखाली थरथरतं प्रतिबिंब. एकाचं चित्र दुसऱ्याच्या फ्रेममध्ये घातलं तर ओपनिंगला आलेल्यांपैकी कुणी ओळखणार नाही. कदाचित चित्रकारही नाही.

माझं म्हणणं असं की प्रवासाने चित्रकार घडत नाही, ब्रोशर घडतं. आपल्या ठाण्यातच बघा. सुधीर पटवर्धन. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली डॉक्टर झाले, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून २००५ पर्यंत काम केलं, कुठल्याही आर्ट स्कूलची पदवी नाही. आणि रंगवलं काय? लोकल, इराण्याचं हॉटेल, कामगार, पोखरण रोड. ‘पोखरण’ नावाचं चित्रच आहे त्यांचं. किंवा मागे जायचं तर कोल्हापूरचे आबालाल रहमान. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, गावी परतले आणि रंकाळा, कोटितीर्थ यांतच आयुष्यभर रमले. त्यांना कुणी विचारलं का, किती देश पाहिलेत म्हणून?

बोला. चिडलात तरी चालेल.

पारसिक

काका, तुमच्या दुकानाच्या दर्शनी काचेत कुठलं चित्र लावलंय ते सांगा आधी. मागच्या आठवड्यात तिथे मला ग्रीसमधली पांढरी घरं दिसली.

फ्रेमवाला, नौपाडा

ती गिऱ्हाइकाची आहेत. पैसे देऊन घेऊन जायचीत अजून.

कोलशेत खाडी

काका, मी कला महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. पटवर्धनांचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते तुमच्याच विरोधात जातं. पदवी नव्हती म्हणजे शिक्षण नव्हतं असं नाही. फ्रेंच चित्रकार सेझान त्यांनी पुस्तकांतून किती घोटला असेल ते त्यांच्या चित्रांतली घरं आणि माणसं कशी रचलीत यावरून कळतं. पोखरण रोडवरून रोज हजारो लोक जात होते. तो चित्राचा विषय आहे हे एकालाच दिसलं. ती नजर आधी कुठेतरी तयार झाली होती.

आता प्रवासाबद्दल. अमृता शेरगिल पॅरिसमध्ये शिकून १९३४ साली भारतात परतली. अजिंठा, वेरूळ आणि दक्षिण भारत तिने पाहिला १९३६-३७ मध्ये. ‘ब्राइड्स टॉयलेट’, ‘ब्रह्मचारीज’, ‘साउथ इंडियन व्हिलेजर्स गोइंग टू मार्केट’ ही तिन्ही चित्रं १९३७ ची, म्हणजे त्या प्रवासाच्या पाठोपाठची. आकृती उभी करण्याची शिस्त पॅरिसची, रंगाचे शांत सपाट पट्टे आणि गर्द मातकट त्वचा अजिंठ्याकडून आलेली. आणि युरोपातल्या आधुनिक कलेमुळेच आपल्याला भारतीय चित्र-शिल्प कळू लागलं, असं तिने स्वतःच लिहून ठेवलंय. पॅरिस वगळलं तर तिला अजिंठा दिसला असता, पण कसा?

चित्रकार सय्यद हैदर रझांचंही तेच. नागपूर, मग जे. जे., हात तयार होता. १९४८ मध्ये काश्मीरला गेले आणि तिथे छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले. त्यांनी तोंडावर सांगितलं की तुमच्या चित्रांत प्रतिभा आहे पण बांधणी नाही, सेझान अभ्यासा. रझा फ्रेंच शिकले आणि १९५० साली फ्रान्स सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला पोहोचले. राहिले साठ वर्षं. आता याला ब्रोशर म्हणाल का?

सेक्टर आठ

बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमधून लिहितेय. (हो, चार्ल्स कोरियांनी आखलेलं तेच. आता इथे आर्टिस्ट किती उरलेत ते विचारू नका.) जलरंगात काम करते, त्यावरच घर चालतं.

काकांना एक सांगते. व्हेनिस विकलं जातं म्हणून रंगवलं जातं. कोलशेतची खाडी, वाळूचे उपसे, कांदळवनात अडकलेलं प्लास्टिक हे सगळं मीही रंगवलंय. बघणारे म्हणतात ‘वा’, आणि सोफ्याच्या वरच्या भिंतीसाठी होडी घेऊन जातात. यात चित्रकाराच्या पासपोर्टचा दोष किती आणि सोफ्याचा किती?

पण सर, तुमचंही पूर्ण पटलं नाही. बाहेर शिकलेलं इथे जसंच्या तसं चालत नाही. कोरड्या हवेच्या देशातला शिक्षक डेमोत वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, टाकतो, तीन-चार मिनिटांत कागदाची चकाकी जाते, मग तो दुसरा थर टाकतो. जुलैत बेलापूरला तो हिशोब लावून बघा. चकाकी जातच नाही. मुलं घाईने दुसरा थर देतात आणि रंगाचा चिखल होतो. मग कागदाला दोष, ब्रशला दोष. इथला पावसाळा त्याच्या चालीने रंगवायचा असतो: कागद तिरका धरायचा, रंग दाट घ्यायचा, एकाच ओल्या थरात जमेल तेवढं उरकायचं. हे कुठल्याही परदेशी वर्कशॉपमध्ये शिकवत नाहीत, कारण त्यांना गरजच नाही.

उजेडाचंही तेच. कॉलेजच्या स्टुडिओत उत्तरेचा स्थिर उजेड, बाजूने येणारा, नाकाची सावली गालावर छान पडते. बाहेर पडलात तर मे महिन्यात दुपारी सूर्य नेमका डोक्यावर. मेच्या मध्यात एक दिवस तर खांबाला सावलीच राहत नाही. भाजीवालीच्या चेहऱ्यावर वरून उजेड, डोळ्यांच्या खोबणी काळ्या, आणि हनुवटीखाली पदराच्या रंगाचा परतलेला प्रकाश. हे पुस्तकात नसतं. मी ते वाशीच्या बाजारात शिकले.

पारसिक

हे झकास. पण मॅडम, बाजूने आणि वरून येणाऱ्या उजेडातला फरक कळला, कारण आधी बाजूचा उजेड कॉलेजात शिकलात. थेट बाजारात बसला असतात तर?

सेक्टर आठ

शिक्षण नको असं मी म्हटलंच नाही. दहा दिवसांच्या सहलीला शिक्षण म्हणू नका, एवढंच म्हणतेय.

परांची

सगळे आर्ट स्कूलबद्दल बोलताय म्हणून मधे पडतो. माझे वडील सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. तेही पेशाने पेंटरच होते, पण ‘प्रोफेशनल पेंटर’ म्हटल्यावर त्यांचं नाव कुणाच्या डोक्यात येत नाही. उस्तादाच्या हाताखाली आधी ब्रश धुणं, मग पार्श्वभूमी भरणं, मग कपडे. चेहऱ्याला हात लावायला मिळेपर्यंत वर्षं जायची. फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर, आणि एकेक घर भरत जायचं. नायिकेचा डोळा माणसाच्या उंचीचा. परांचीवर उभं राहिलं की समोर फक्त गुलाबी रंग दिसतो, डोळा आहे की गाल कळत नाही. मग खाली उतरायचं, रस्ता ओलांडायचा, पलीकडून बघायचं, परत चढायचं. त्यांचा रंगाचा अंदाज मी नंतर कुठल्याही कॉलेजवाल्यात पाहिला नाही.

चित्रकार एम. एफ. हुसेनही उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते. त्यांच्या रेषेचा तो बेधडक वेग, मोठ्या जागेची भीती नसणं, यात परांचीचा वाटा आहे असं मला वाटतं. फ्लेक्स आल्यावर वडिलांचं काम बंद झालं. त्यांच्या ब्रोशरमध्ये काय लिहिणार? ब्रोशर नव्हतंच.

कोलशेत खाडी

परांची, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. याला मी प्रशिक्षणच म्हणतो, आणि कॉलेजपेक्षा कडक.

फ्रेमवाला, नौपाडा

बघा, परांचीच्या वडिलांना व्हेनिस लागलं नाही. आणि मोठं नाव हवं असेल तर सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट घ्या. त्या काळी चित्रकाराने इटलीला जायचं ही रीतच होती, हा पठ्ठ्या नेदरलँड्सबाहेर पडला नाही. काय अडलं?

कोलशेत खाडी

काका, इटली त्याच्याकडे चालत आली! ॲम्स्टरडॅम बंदर होतं, चित्रांचा बाजार होता. १६३९ मध्ये तिथल्या लिलावात इटलीच्या राफाएलने केलेलं कास्तिल्योनेचं व्यक्तिचित्र विकायला आलं, रेम्ब्रांटने तिथेच त्याचं स्केच केलं. घरात प्रिंटचा आणि चित्रांचा एवढा संग्रह की १६५६ ला दिवाळं निघालं तेव्हा त्याची यादी करावी लागली. घरी बसून जग बघायचं तर जग दारात यावं लागतं. ठाण्याच्या दारात काय येतं?

पारसिक

ठाण्याच्या दारात लोकल येते, सर. तासाभरात सीएसएमटी. तिथून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं वरच्या मजल्यावर आहेत, लघुचित्रंही आहेत. समोर एनजीएमए, म्हणजे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय, बाजूला जहांगीर आर्ट गॅलरी. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय. तुमच्या वर्गातल्या किती मुलांनी त्या तैलचित्रांसमोर बसून एक तरी पेन्सिल स्टडी केलाय? इटलीचं नंतर बघू.

कोलशेत खाडी

हात वर करायला लावले तर फार थोडे वर येतील. हे दुखणं आहेच. आमच्या स्टडी टूरही तशाच झाल्यात: बस, ग्रुप फोटो, घाईघाईत केलेलं स्केचबुक, कारण मार्क आहेत.

याच्या अगदी उलट उदाहरण जे. जे.चंच. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेत राहिले. पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी हंगामच्या हंगाम लेण्यांत राहून भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. अर्ध्या अंधारात, झडलेल्या गिलाव्यावरची रेष शोधत. लंडनला पाठवलेल्या कित्येक प्रती तिथल्या आगीत जळाल्या, ते वेगळंच दुर्दैव. पण प्रवास आणि प्रशिक्षण एकाच जागी आलं तर काय होतं, ते तिथे दिसतं. मला प्रवास हवा तो असा.

सेक्टर आठ

मग आपण भांडतोय कशावर? तुम्हीही मुक्कामच म्हणताय.

चित्रकार प्रभाकर बरवे आठवा. जे. जे. झाल्यावर विणकर सेवा केंद्रात नोकरी लागली आणि १९६१ ते ६५ वाराणसीला राहिले. काम कापडाच्या डिझाइनचं. ती काही कलायात्रा नव्हती, नोकरीचं गाव होतं. पण तिथे तंत्रमार्गातल्या प्रतिमा त्यांच्यात मुरल्या आणि चित्राची भाषाच बदलली. वाराणसीला जाऊन घाट रंगवणारे शेकडो आहेत. बरव्यांनी तिथून घाट नाही आणला.

कोलशेत खाडी

नाही, भांडण आहे. मुक्काम लांबच हवा असा नियम केलात तर फ्रेंच चित्रकार देलाक्रवाचं काय कराल? १८३२ मध्ये फ्रेंच शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोला गेला, काही महिन्यांत परत. वह्या भरून आणल्या, आणि पुढे आयुष्यभर त्या वह्यांमधून चित्रं काढत राहिला. थोडक्या दिवसांचा प्रवास होता, पण जाण्याआधीच रंगाबद्दलचे प्रश्न डोक्यात होते. प्रश्न असेल तर आठवडाही पुरतो. तो नसेल तर वाराणसीत जन्म काढून घाटच रंगवाल.

सेक्टर आठ

हे पुरुषाने म्हणणं सोपं आहे, सर. प्रश्न डोक्यात घेऊन मी पण बसले होते कळव्याच्या पुलाजवळ ईझल लावून. दहा मिनिटांत भोवती गर्दी, ‘मॅडम माझं काढा’, एकजण पाठीला खेटून उभा. चित्र अर्ध्यात उचललं. परदेशात पहिल्यांदा चौकात बसून सलग तीन तास रंगवलं तेव्हा कळलं की एकाच उजेडाच्या मागे लागणं म्हणजे काय. प्रवासाने मला विषय दिला नाही, पण सलग वेळ दिला. त्यामुळे काका, माझ्या परिचयातली देशांची यादी मी काढणार नाही.

फ्रेमवाला, नौपाडा

तुमची ठेवा, ताई. बाकीच्यांची काढा.

ऐरोलीकर बाबा

बराच वेळ वाचतोय. मुलगी बी.एफ.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. इटलीतल्या एका वर्कशॉपचं माहितीपत्रक आलंय, दहा दिवस, फी तिच्या कॉलेजच्या वर्षभराच्या फीपेक्षा कितीतरी जास्त. पाठवू की नको, एवढंच सांगा.

कोलशेत खाडी

युरोपला पाठवा, पण वर्कशॉपला नको. तेवढ्या पैशात एका शहरात स्वस्त खोली आणि रोज म्युझियम. बहुतेक ठिकाणी पेन्सिल-वही घेऊन बसू देतात.

फ्रेमवाला, नौपाडा

अजिबात पाठवू नका. त्या पैशात तिला वर्षभरासाठी एक खोली घेऊन द्या, उत्तरेला खिडकी असलेली. ऐरोलीत मिळेल. चित्रं साठली की बघू.

सेक्टर आठ

दोघेही बाबांचे पैसे खर्च करताय. तिला दोन-चार पोर्ट्रेट कमिशन घेऊ द्या, स्वतःच्या कमाईवर जाईल तेव्हा माहितीपत्रक नीट वाचेल.

ऐरोलीकर बाबा

तिला हा धागा दाखवला. म्हणाली, इटली नको, खोली पण नको. बडोद्याला प्रिंटमेकिंगमध्ये मास्टर्स करायचंय. ॲडमिशनच्या तयारीसाठी मदत हवीय. मी तर पहिल्यांदाच ऐकतोय.

कोलशेत खाडी

उत्तम. बडोद्याला पोर्टफोलिओ नीट बघतात. तिने लिथो (दगडावरून छपाई) किंवा एचिंग (ॲसिडने कोरलेल्या पत्र्यावरून छपाई) कधी केलंय का? नसेल तर आमच्या कॉलेजच्या प्रेसवर सुट्टीत काम करू देतो, व्यक्तिगत निरोप टाका. आणि नुसत्या रेखाटनांची एक वेगळी वही ठेवायला सांगा, रंगाशिवाय.

फ्रेमवाला, नौपाडा

प्रिंटला माउंट ॲसिड-फ्रीच लावा, कागद पिवळा पडतो नाहीतर. पहिली दोन फुकट करून देईन. पण परिचयात बडोद्याच्या आधी ऐरोली लिहा म्हणावं.

पारसिक

काका, ती ग्रीसची घरं गेली का?

फ्रेमवाला, नौपाडा

गेली. त्याने अजून एक सँटोरिनी आणून टाकलंय, मोठ्या साइजचं.