मदत हवी आहे : छोट्या होडीत नेमकं काय काय ठेवायचं?

नमस्कार मंडळी. मालवणजवळ आमची फायबरची छोटी होडी आहे, मागे बाहेरून लावलेल्या आउटबोर्ड इंजिनवर चालणारी. आजवर काका न्यायचे. यंदा ३१ जुलैला पावसाळी मासेमारीची बंदी संपली की मी आणि धाकटा भाऊ जाणार.

लाइफ जॅकेट, नांगर, जादा दोर, सुरी, टॉर्च, पाणी उपसायचा डबा, जाळं शिवायची सुई आणि बर्फाचा खोका आहे. वल्ह्यांवरून मात्र घरात वाद. भाऊ म्हणतो, इंजिन असताना अडगळ कशाला! मी ती ठेवणारच.

खरी अडचण इंजिनची. जादा स्पार्क प्लग, प्लगचा पाना, स्टार्टरची दोरी, प्रॉपेलरची पिन एवढं सुचतंय. पेट्रोलचा फिल्टरही घ्यावा का? आणि खाऱ्या हवेत पाने गंजून जातात, ते तुम्ही कशात ठेवता? तेलात भिजवलेलं फडकं पुरतं का?

दुसरं, हातातला व्हीएचएफ, म्हणजे बिनतारी संच, घ्यावा का? तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ फोनमध्ये आहे, पण नेटवर्क गेलं की तो कामाचा नाही. व्हीएचएफवर संकटात हाक द्यायला १६ नंबरचं चॅनल असतं, पण आमची होडी बुटकी, अँटेना पाण्याजवळच राहणार, तिथून आवाज किती लांब पोचणार? वापरणाऱ्यांनीच सांगा, दुकानदार तर सगळंच चांगलं म्हणतो.

शिंगाळा माशाचा विषारी काटा लागला तर गरम पाण्यात हात बुडवून ठेवतात. त्यासाठी कोणी थर्मास नेतं का?