दारू सोडण्यासाठीच्या मीटिंगला पहिल्यांदा जाताना

प्रश्न – गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. माझे वय ४३ आहे आणि गेली बारा वर्षे मी रोज पीत आलो आहे. पूर्वी संध्याकाळपुरते असलेले पिणे आता सकाळी हात थरथरू नयेत म्हणून उठल्याउठल्या सुरू होते. गेल्या महिन्यात मुलीच्या पालकसभेत माझ्या तोंडाचा वास आल्यामुळे पत्नीला चारचौघांत मान खाली घालावी लागली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या म्हणजे एएच्या मीटिंगला जावे असे मनापासून वाटते, परंतु त्या कोठे होतात ते कसे शोधावे, तेथे नाव-पत्ता लिहून घेतात का, पैसे किती पडतात आणि कोणी ओळखीचे भेटले तर काय करावे, या प्रश्नांपाशी मी अडलो आहे. सोमवारपासून एकदम बंद करावे आणि आठवडाभर कोरडे राहिल्यावरच तेथे तोंड दाखवावे, असा विचार आहे. तो योग्य आहे का?

उत्तर – परिचारिका (निवृत्त)

आपला सोमवारचा बेत कृपया रद्द करा. सकाळी हात थरथरतात याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून झाले आहे, आणि अशा माणसाने घरच्या घरी अचानक दारू तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होणे, भलतेसलते दिसणे, ताप चढणे असा प्रकार होऊन जिवावर बेतू शकते. वॉर्डात मी अशी माणसे पाहिली आहेत. त्यांतील बहुतेकांनी चांगल्या हेतूनेच, कोणाला न सांगता, दारू सोडली होती. आधी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाऊन किती पिता ते खरे खरे सांगा. डॉक्टर काही दिवस औषधांच्या आधाराने दारू सोडवतात आणि बी-१ जीवनसत्त्वही देतात. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक असून त्यावरील फोन विनामूल्य आहे. मीटिंग हवीच, पण ती या उपचारांच्या जोडीला.

उत्तर – आजचा दिवस (पुणे)

मला दारू सोडून नऊ वर्षे झाली. कोरडे होऊनच जायचे, हा आपला समज मात्र मनातून काढून टाका. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच एएच्या सभासदत्वाची अट आहे. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे दोन दारुड्यांच्या भेटीतून ही संघटना उभी राहिली आणि तिचा आजही मूळ पाया तोच आहे, की ज्याने हे भोगले आहे त्याने दुसऱ्याशी बोलावे. फी नाही, हजेरीपट नाही, आडनाव सांगावे लागत नाही. शेवटी डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. संघटना बाहेरच्या देणग्या घेत नाही.

माझी पहिली मीटिंग महापालिकेच्या शाळेतील एका वर्गात होती. मुलांच्या बाकांवर गुडघे अडकवून पंधरा-सोळा माणसे बसली होती. त्यांत एक रिक्षाचालक होता, एक बँकेतले अधिकारी होते. चहा आला तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की मी कप घेण्याचेच टाळत होतो. चहा देणाऱ्या गृहस्थांनी काही न बोलता कप अर्धाच भरून माझ्यापुढे ठेवला. त्यांनाही कधीकाळी पूर्ण भरलेला कप धरता आला नसणार, हे मला त्याच क्षणी कळले. त्या दिवशी मी एक शब्दही बोललो नाही आणि कोणी आग्रहही केला नाही.

ओळखीचे कोणी भेटले, तर तेही त्याच कारणासाठी आलेले असते. पत्ता शोधण्यासाठी एएच्या भारतातील संकेतस्थळावरील मदत क्रमांकावर फोन करा. तेथील माणूस जवळच्या गटाचा वार आणि वेळ सांगतो, आणि सोबत हवी असल्यास तसेही विचारा. खुल्या मीटिंगला घरच्यांना येता येते, बंद मीटिंग फक्त आपल्यासारख्यांसाठी असते. एका गटात जीव रमला नाही तर दुसऱ्या गटात जा. मला तिसऱ्या गटात माझी माणसे सापडली. मधल्या काळात एकदा पुन्हा प्यायलो होतो, तरी परत गेल्यावर माझी खुर्ची कोणी काढून घेतलेली नव्हती.

उत्तर – सहप्रवासी (पुणे)

दादा, आपल्या पत्नीविषयी लिहावेसे वाटते. माझे यजमान पुण्याच्या मुक्तांगणमध्ये होते, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली सुरू केलेले हे केंद्र आहे. तेथे पत्नींसाठी सहचरी नावाचा गट असतो. त्याआधी बाटल्या शोधून मोरीत ओतणे, ऑफिसात खोटे कळवणे, एवढेच मी करत आले होते. दारूचे कारण मी नाही आणि ती थांबवणेही माझ्या हातात नाही, हे त्या बायकांमध्ये बसल्यावर प्रथमच समजले, आणि मी पोटभर रडले. एएच्याच धर्तीवर कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉनचे गटही असतात. वहिनींना त्याची माहिती द्या, पण जाण्याचा निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी रुग्णालयात जाऊन आलो आणि उद्या दाखल होत आहे. किती पिता, या प्रश्नावर मी अर्धा आकडा सांगितला होता. पत्नी शेजारी बसली होती, तिने माझ्याकडे पाहिले, मग मी पूर्ण सांगितला. मदत क्रमांकावरही बोललो. जवळच्या गटाची मीटिंग गुरुवारी संध्याकाळी ७ वाजता असते आणि रुग्णालयातून सुटल्यावर एक गृहस्थ मला चौकात भेटून आत घेऊन जाणार आहेत. अल-ॲनॉनचे पत्नीला सांगितले. ती काही बोलली नाही, पण वार कोणता ते विचारून घेतले.